मकोंडोचे ८७ दिवस : न मोजलेल्या तेलाचा हिशेब

व्हॉल्व्हच्या दाबचाचणीच्या कामात माझी बरीच वर्षे गेली आहेत. त्यामुळे २०१० साली मेक्सिकोच्या आखातात झालेल्या तेलगळतीबद्दल मी जे काही वाचत आलो, ते बहुतेक प्रेशर गेजच्या बाजूने वाचत आलो. तेलाने माखलेले पक्षी, लुईझियानाच्या दलदली, मच्छीमारांचे बुडालेले हंगाम यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते लिहिले जायलाच हवे होते. परंतु दीड किलोमीटर पाण्याखाली उधळलेली विहीर बंद करण्यासाठी अभियंत्यांनी ८७ दिवस नेमके काय केले, एकामागून एक उपाय का फसले आणि शेवटचा का लागू पडला, ही हकीगत तांत्रिक अंगाने सांगावी असे माझ्या मनात होते. माझे मत आधीच सांगून टाकतो. खोली आणि दाब हे अडथळे मोठे होतेच, पण तेल किती येत आहे हे ठरवण्याचे काम पहिला महिनाभर कोणी मनापासून हाती घेतले नाही, आणि आकडाच चुकीचा धरल्यामुळे त्यावर बेतलेले उपायही चुकत गेले.

विहिरीचे नाव मकोंडो. ती बीपी या ब्रिटिश तेलकंपनीची होती आणि लुईझियानाच्या किनाऱ्यापासून सुमारे ६६ किलोमीटरवर, १,५०० मीटर खोल पाण्यात खोदली जात होती. समुद्रसपाटीपासून मोजल्यास तिचा तळ साधारण ५,६०० मीटरवर होता आणि तेलाच्या थरातला दाब १२,००० पीएसआयच्या (दर चौरस इंचावर इतके पौंड) जवळपास होता. डीपवॉटर होरायझन हा विहीर खोदणारा तरंगता रिग ट्रान्सओशनचा, सिमेंटचे काम हॅलिबर्टनचे, आणि समुद्रतळावर विहिरीच्या तोंडाशी बसवलेला ब्लोआउट प्रिव्हेंटर (विहीर उधळल्यास तिचे तोंड बंद करणारी यंत्रणा) कॅमेरॉनचा, अशी कामाची वाटणी होती.

२० एप्रिल २०१० रोजी विहीर तात्पुरती बंद करून रिग हलवण्याची तयारी चालली होती. त्याआधी तळाचे सिमेंट धरले आहे की नाही हे पाहण्यासाठी निगेटिव्ह प्रेशर टेस्ट घेतात. विहिरीतला दाब वरून मुद्दाम कमी करायचा, आणि खालून दाब वाढतो का किंवा काही वर येते का, यावर लक्ष ठेवायचे, असे तिचे साधे स्वरूप आहे. त्या दिवशी ड्रिल पाइपवरच्या गेजने १,४०० पीएसआय दाखवले, तर किल लाइनवर, म्हणजे प्रिव्हेंटरला जोडलेल्या बाजूच्या नळीवर, शून्य दाखवले गेले. दोन्ही वाटा एकाच विहिरीत उघडतात, त्यामुळे आकडे जुळायला हवे होते. ते जुळले नाहीत तेव्हा ‘ब्लॅडर इफेक्ट’ या नावाचे एक स्पष्टीकरण पुढे आले, शून्याचा आकडा खरा मानला गेला आणि चाचणी उत्तीर्ण ठरली. आमच्या टेस्ट बेंचवर दोन गेज दोन गोष्टी सांगू लागले की चाचणी तिथेच थांबते, कारण सोयीचा गेज निवडण्याची मुभा कोणालाच नसते. समुद्रातल्या रिगवर दिवसाचे भाडे लाखो डॉलरांत असते आणि वेळेचा दाब वेगळा असतो, हे मान्य करूनही मला तो निर्णय पचत नाही. रात्री पावणेदहाच्या सुमारास स्फोट झाला. रिगवरच्या १२६ जणांपैकी ११ जण मृत्युमुखी पडले आणि २२ एप्रिलला रिग बुडाला.

रिग बुडताना त्याला विहिरीशी जोडणारा २१ इंची रायझर वाकून समुद्रतळावर कोसळला आणि त्याच्या तुटक्या टोकातून आणि घडीतून तेल येऊ लागले. त्या खोलीवर पाणबुड्या माणसाला उतरता येत नाही. जे काही करायचे ते वरच्या जहाजावरून, केबलच्या टोकाला असलेल्या आरओव्हीच्या (दुरून चालवायच्या पाणयंत्राच्या) यांत्रिक हातांनी आणि कॅमेऱ्यांच्या डोळ्यांनी करायचे होते. पहिला विचार अर्थातच ब्लोआउट प्रिव्हेंटर बंद करण्याचा होता. पाच मजली इमारतीइतक्या उंच आणि शेकडो टन वजनाच्या या सांगाड्यात एकावर एक रॅम बसवलेले असतात. काही रॅम पाइपाभोवती घट्ट आवळतात, तर ब्लाइंड शिअर रॅम पाइप कापून विहीर सील करतो. आरओव्हीने बाहेरून हायड्रॉलिक दाब देऊन रॅम हलवण्याचे प्रयत्न कित्येक दिवस चालले. मग लक्षात आले की प्रिव्हेंटरमध्ये पूर्वी फेरबदल झाले होते, हातातले नकाशे प्रत्यक्षातल्या नळ्यांशी जुळत नव्हते, आणि ज्या पॅनेलमधून दाब दिला जात होता ते पॅनेल भलत्याच, विहीर सील न करणाऱ्या रॅमला जोडलेले होते. ज्या सामग्रीवर अखेरची भिस्त असते, तिचा अद्ययावत नकाशा संकटाच्या वेळी हाताशी नसावा, ही मला या साऱ्या प्रकरणातली सर्वांत लाजिरवाणी गोष्ट वाटते.

त्यानंतर आला पोलादी घुमट. लुईझियानात तयार केलेली, सुमारे १०० टनांची, चार मजली उंच अशी ही पेटी गळतीवर उपडी ठेवायची आणि आत साठणारे तेल वरच्या नळीतून जहाजावर खेचून घ्यायचे, असा बेत होता. उथळ पाण्यात अशा पेट्या वापरल्या गेल्या होत्या. पण १,५०० मीटरवर पाण्याचा दाब हवेच्या दाबाच्या सुमारे १५० पट आणि तापमान ४ अंश सेल्सिअसच्या आसपास असते, आणि या स्थितीत मिथेन आणि पाणी एकत्र येऊन बर्फासारखे घन हायड्रेट तयार होते. तेलाबरोबर नैसर्गिक वायू भरपूर येत होता. घुमट खाली जाताच त्याच्या माथ्याशी हायड्रेटचा थर धरला, वरची वाट बुजली, आणि हायड्रेट पाण्यापेक्षा हलके असल्याने पेटी तरंगू पाहू लागली. ८ मेपर्यंत ती बाजूला नेऊन समुद्रतळावर ठेवून द्यावी लागली. हायड्रेटचा धोका कोणालाच ठाऊक नव्हता असे नाही. खोल पाण्यातल्या पाइपलाइनवर काम करणारा प्रत्येक जण हायड्रेट जमू न देणारे मिथेनॉल हाताशी ठेवतो. पण वायू इतक्या वेगाने येत असेल, तर पेटी जागेवर बसण्याआधीच ती बुजेल, हे गणित वेग माहीत असल्याखेरीज मांडता येत नव्हते.

आणि वेगाचा आकडा तर असा ठरला होता. सुरुवातीला दिवसाला १,००० बॅरल गळती असल्याचे सांगितले गेले. २८ एप्रिलला सरकारी शास्त्रज्ञांच्या अंदाजावरून तो आकडा ५,००० झाला आणि मेच्या अखेरीपर्यंत तोच अधिकृत आकडा म्हणून फिरत राहिला. पाण्यावर पसरलेल्या तवंगावरून केलेला तो अंदाज होता. ज्या गळतीचा मोठा भाग खोल पाण्यातच विरघळत किंवा विखरत होता, आणि जिथे तेल विखुरणारे फवारणीचे रसायन थेट समुद्रतळाशी सोडण्याचा प्रयोग प्रथमच होणार होता, तिथे तवंगावरून विहीर मोजणे मुळातच लंगडे होते. १२ मेला बीपीने तळाशी फुटलेल्या पाइपाची अर्ध्या मिनिटाची चित्रफीत प्रसिद्ध केली. पर्ड्यू विद्यापीठाचे यांत्रिकी अभियंता स्टीव्ह वेरेली यांनी त्या चित्रफितीतले भोवरे एका चौकटीतून दुसऱ्या चौकटीत किती सरकतात हे मोजले आणि गळती दिवसाला सुमारे ७०,००० बॅरल असावी असे सांगितले. त्यात मागेपुढे २० टक्के धरा, असेही त्यांनी म्हटले होते. ऑगस्टमध्ये सरकारी शास्त्रज्ञांनी जो आकडा निश्चित केला, तो सुरुवातीला ६२,००० आणि शेवटी विहिरीचा जोर ओसरल्यावर ५३,००० असा होता. म्हणजे साध्या कॅमेऱ्याच्या चित्रांवरून केलेली मोजणी अधिकृत आकड्यापेक्षा कितीतरी जवळची निघाली.

आकडा लहान राहण्यात पैशाचाही संबंध होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. अमेरिकेच्या स्वच्छ पाणी कायद्याखाली दंड बॅरलमागे आकारला जातो, आणि घोर निष्काळजीपणा सिद्ध झाला तर दर जवळपास चौपट होतो. नोव्हेंबर २०१२ मध्ये बीपीने जे गुन्हे कबूल केले, त्यांत गळतीच्या वेगाबाबतची माहिती अमेरिकी काँग्रेसपासून दडवल्याचाही गुन्हा होता. पण मला इथे दंडापेक्षा दुसरी गोष्ट अधिक बोचते. बाहेर कोणताही आकडा सांगा, पण आत बसून उपाय आखणाऱ्यांच्या टेबलावर तरी खरा आकडा हवा होता.

१६ मेपासून रायझरच्या तुटक्या टोकात ४ इंची नळी सारून थोडे तेल वर काढले गेले. नऊएक दिवसांत तिने एकंदर २२,००० बॅरल गोळा केले. ५,००० च्या हिशेबाने पाहिले तर हे मोठे यश होते, ६०,००० च्या हिशेबाने जेमतेम काही तासांचे तेल होते.

मग २६ मेला टॉप किल सुरू झाले. प्रिव्हेंटरच्या बाजूच्या नळ्यांतून पाण्याच्या जवळपास दुप्पट जड ड्रिलिंग मड, म्हणजे खोदकामात वापरतात तो चिखल, इतक्या जोराने आत रेटायचा की वर येणारे तेल मागे ढकलले जावे, विहिरीत मडचा स्तंभ उभा राहावा आणि त्याच्या वजनानेच तेलाचा थर दबून जावा, अशी ही जुनी आणि जमिनीवर अनेकदा यशस्वी झालेली पद्धत आहे. इथे अडचण अशी होती की मड आत जायच्या जागेपासून तो वर निसटायच्या जागेचे अंतर अगदी थोडे होते. खालून येणारा प्रवाह जोरदार असेल, तर मड खाली जाण्याऐवजी तेलाबरोबर वरच उडणार. ही वरची वाट अरुंद करण्यासाठी जंक शॉटही मारले गेले. गोल्फचे चेंडू, टायरचे तुकडे आणि गाठी मारलेले दोर प्रिव्हेंटरमध्ये ढकलून भेगा बुजवण्याचा तो प्रयत्न होता, आणि टीव्हीवर त्याची चेष्टाही पुष्कळ झाली. खरे तर त्यात हसण्यासारखे काही नाही, कारण भेगेचा आकार माहीत नसेल तेव्हा निरनिराळ्या आकारांच्या आणि लवचिकतेच्या वस्तू पाठवणे शहाणपणाचेच असते. तीन दिवसांत दिवसाला १ लाख बॅरलहून जास्त वेगाने मड रेटला गेला, तरी विहीर वाकली नाही. गळती दिवसाला १५,००० बॅरलपेक्षा मोठी असेल तर टॉप किल चालणार नाही, असे बीपीच्या आतल्या गणितानेच दाखवले होते. प्रत्यक्ष गळती त्याच्या जवळपास चौपट होती.

अपयशापेक्षा त्यावरून काढलेला निष्कर्ष अधिक महागात पडला. इतका मड गेला कुठे, असा प्रश्न पडल्यावर बीपीच्या अभियंत्यांनी अशी शंका मांडली की विहिरीच्या १६ इंची केसिंगमधल्या (लोखंडी अस्तरनळीतल्या) रप्चर डिस्क, म्हणजे ठरावीक दाबाला फुटणाऱ्या चकत्या, फुटल्या असाव्यात आणि मड त्या वाटेने बाजूच्या खडकात शिरत असावा. तसे असेल, तर विहीर वरून बंद करणे धोक्याचे होते. तोंड बंद केल्यावर दाब वाढेल, तेल केसिंगमधून खडकात घुसेल आणि विहिरीच्या आसपास समुद्रतळालाच ठिकठिकाणी तोंडे फुटतील. अशा गळतीला झाकण घालणे कोणालाच शक्य झाले नसते. ही भीती अनाठायी होती असे मी म्हणणार नाही, पण मड कमी पडण्याचे दुसरे आणि सरळ कारण, म्हणजे प्रवाह कल्पनेपेक्षा कितीतरी मोठा असणे, तेव्हाच्या आकड्यांमुळे मागे पडले. विहीर बंद करण्याचा विचार काही आठवडे बाजूला सरला आणि जमेल तितके तेल गोळा करण्यावर भर आला.

जूनच्या सुरुवातीला वाकलेला रायझर कापण्यात आला. हिऱ्यांच्या तारेची करवत मधेच अडकली, तेव्हा प्रचंड कात्रीने तो तोडावा लागला, आणि कापाची कड ओबडधोबड राहिली. ३ जूनला त्यावर टॉप हॅट हे झाकण बसवले. हायड्रेटचा धडा घेतलेला असल्याने यावेळी मिथेनॉलची सोय होती. हे झाकण आणि प्रिव्हेंटरच्या बाजूची एक नळी मिळून दिवसाला सुमारे २५,००० बॅरल जहाजांवर येऊ लागले, आणि तरीही कॅमेऱ्यात झाकणाखालून तेल उसळताना दिसतच होते. गळती ५,००० ची नव्हती, हे आता कोणालाही वेगळे समजावून सांगण्याची गरज उरली नाही. मध्येच आकाशातल्या विजेमुळे जहाजाला आग लागून काम थांबले, एकदा आरओव्हीचा धक्का लागून झाकण काढावे लागले, पण त्या तपशिलांत शिरत नाही.

जुलैत निर्णय झाला तो कॅपिंग स्टॅक बसवण्याचा. टॉप हॅट म्हणजे नुसते टेकवलेले झाकण होते, तर हा तीन रॅमचा, पक्का बोल्ट होणारा छोटा प्रिव्हेंटरच होता. १० जुलैला टॉप हॅट काढले. तेल पुन्हा मोकळे वाहत असताना आरओव्हींनी जुन्या फ्लँजचे (नळ्या बोल्टने जोडणाऱ्या कड्याचे) सहा बोल्ट एकेक करून सोडवले, रायझरचा उरलेला तुकडा दूर केला, त्या जागी जोडनळी बसवली आणि १२ जुलैला स्टॅक तिच्यावर उतरवला. तेल आणि वायूच्या फवाऱ्यात, समोरचे धड दिसत नसताना, दीड किलोमीटर लांबीच्या केबलच्या टोकाने एक फ्लँज सोडवून दुसरा बसवणे म्हणजे काय, हे ज्याने कारखान्यात उजेडात उभे राहून गंजलेले बोल्ट सोडवले आहेत, त्याला सांगावे लागणार नाही.

१५ जुलैच्या दुपारी स्टॅकवरचा चोक, म्हणजे प्रवाह आवळणारा व्हॉल्व्ह, हळूहळू बंद करत आणला आणि २ वाजून २५ मिनिटांनी तेल थांबले. आता प्रश्न फक्त दाबाचा होता. दाब ७,५०० पीएसआयच्या वर गेला, तर विहीर शाबूत आहे. ६,००० च्या खाली राहिला, तर तेल खडकात शिरत आहे, आणि झाकण ताबडतोब उघडायचे. असे आधीच ठरले होते. दाब थांबला ६,६०० च्या आसपास, म्हणजे नेमका अधल्यामधल्या जागी. सरकारी पथकातले अनेक जण झाकण उघडण्याच्या बाजूने झुकले होते. त्या संध्याकाळी दाबाच्या आलेखाचा मोबाइलवर काढलेला फोटो कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे अमेरिकी भूशास्त्र सर्वेक्षणाच्या पॉल शिए यांना पाठवला गेला. शिए हे भूजलाचे अभ्यासक. पाण्याच्या विहिरीतला पंप बंद केल्यावर पाणी किती वेगाने वर येते आणि त्यावरून खालच्या थराबद्दल काय कळते, हा त्यांचा विषय. त्यांनी रात्रभर बसून तेलाच्या थराचे प्रतिरूप उभे केले आणि सकाळी दाखवून दिले की थर लांबट आणि अरुंद असेल, आणि तीन महिन्यांच्या गळतीने त्यातला दाब बराच ओसरला असेल, तर शाबूत विहिरीतही दाब इतकाच येईल आणि पुढे तो सावकाश चढत जाईल. दाब तसाच चढत गेला. विहिरीभोवतीच्या समुद्रतळावर गळती दिसते का हे जहाजे आणि आरओव्ही तपासत राहिले, आणि २४ तासांची मुदतवाढ दर वेळी देत झाकण बंदच ठेवले गेले. एप्रिलमध्ये १,४०० पीएसआयचा आकडा स्पष्टीकरण देऊन बाजूला सारला गेला होता. जुलैत ६,६०० चा आकडा कोणीतरी मुळापर्यंत जाऊन वाचला.

यानंतरचे काम नेटाचे होते, पण त्यात धाकधूक कमी होती. ३ ऑगस्टला विहीर बंद अवस्थेत असताना वरून सावकाश मड सोडला. प्रवाहच नसल्याने तो यावेळी निमूटपणे खाली गेला, आणि ५ ऑगस्टला सिमेंट भरले. (त्याच आठवड्यात, ७ ऑगस्टला, मुंबई बंदराबाहेर एमएससी चित्रा आणि खलिजिया या जहाजांची टक्कर होऊन आपल्याही किनाऱ्यावर तेल आले. त्यामुळे आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत मकोंडोच्या सिमेंटला कोपराच मिळाला.) रिलीफ वेलचे, म्हणजे जुन्या विहिरीला खाली खोलवर जाऊन भिडणाऱ्या दुसऱ्या विहिरीचे, खोदकाम २ मेपासूनच सुरू होते. हजारो मीटर खडकातून तिरके जात, १० इंचांहूनही बारीक केसिंग गाठायची होती. जमिनीत वीजप्रवाह सोडला की तो लोखंडी केसिंगमधून वाहतो आणि भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते. ते मोजत मोजत दिशा सुधारायची, अशी ही पद्धत आहे. सप्टेंबरच्या मध्याला जुनी विहीर गाठली गेली, तळाशी सिमेंट भरले, आणि १९ सप्टेंबरला मकोंडो मृत म्हणून जाहीर झाली.

वर आणलेल्या प्रिव्हेंटरची तपासणी न्यू ऑर्लिन्समधल्या नासाच्या मिशू केंद्रात झाली. २०११ च्या मार्चमध्ये अहवाल आला, त्यात ब्लाइंड शिअर रॅम पूर्ण का मिटला नाही याचे उत्तर होते. खालच्या जोराने ड्रिल पाइप आतल्या आत वाकून एका बाजूला सरकला होता, त्यामुळे त्याचा काही भाग पात्यांच्या धारेत न येता कडेला अडकला. अडकित्त्यात सुपारी टोकाला निसटून अडकावी आणि पाती मिटू नयेत, तसेच हे झाले. उरलेल्या फटीतून वाळू आणि तेलाच्या वेगाने पोलाद झिजत गेले. २०१६ मध्ये अमेरिकेने केलेल्या नियमांत कापण्याच्या वेळी पाइप मध्यभागी आणण्याची सोय असावी अशी अट आली, ती याच निष्कर्षातून.

मेक्सिकोच्या कांपेचे नावाच्या उपसागरात १९७९ साली पेमेक्स या तिथल्या सरकारी तेलकंपनीची इश्तोक-१ ही विहीर फुटली होती, आणि तिथेही शंकूच्या आकाराचे झाकण, विहिरीत सोडलेले धातूचे गोळे आणि शेवटी रिलीफ वेल असाच क्रम झाला होता. तिथे पाणी जेमतेम ५० मीटर खोल होते, तरी ती बंद व्हायला मार्च १९८० उजाडला. मधल्या ३० वर्षांत खोदण्याचे तंत्र पन्नास मीटरवरून दीड हजार मीटरवर गेले, पण गळती थांबवण्याचे तंत्र मात्र जवळपास जिथल्या तिथे राहिले होते. मकोंडोनंतर हे काहीसे बदलले. तयार कॅपिंग स्टॅक आता ठिकठिकाणी ठेवलेले असतात. ऑइल स्पिल रिस्पॉन्स लिमिटेड या तेलगळती निवारणाच्या संस्थेचे स्टॅक नॉर्वे, ब्राझील, दक्षिण आफ्रिका आणि सिंगापूर इथे आहेत. आपल्या मुंबई हायचे पाणी ७५ ते ८० मीटर खोल आहे, तिथे पाणबुडे उतरू शकतात. पण ओएनजीसीने जानेवारी २०२४ मध्ये कृष्णा-गोदावरी खोऱ्याच्या ९८/२ ब्लॉकमधून खोल पाण्यातले तेल काढायला सुरुवात केली आहे, आणि वर सांगितलेल्या चार ठिकाणांपैकी तिथून सर्वांत जवळचे सिंगापूर आहे.